मॅस्टोडॉनवर नवीन आहात? आधी पत्ता आणि प्रत समजून घ्या

मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर अकाउंट उघडायला गेलेला माणूस पहिल्याच पायरीवर थबकतो. नाव, ईमेल, पासवर्ड राहिलं बाजूला, आधी प्रश्न येतो: सर्व्हर कोणता? फेसबुकने किंवा इन्स्टाग्रामने असं काही कधी विचारलेलं नसतं. समोर लांबलचक यादी, त्यातलं एकही नाव ओळखीचं नाही, आणि चुकीचं निवडलं तर आपली माणसं भेटणारच नाहीत अशी धास्ती. यातून पार पडलेल्यांना पुढे आणखी कोडी पडतात. मैत्रिणीचं प्रोफाइल उघडलं तर तिच्या तीनच पोस्ट दिसतात, तिच्या स्वतःच्या मोबाइलवर मात्र तीनशे असतात. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडली तर ‘लॉग इन करा’ असं येतं, आणि आपला पासवर्ड टाकला तर तो चुकीचा ठरतो. एकाच पोस्टखाली एकाला बारा उत्तरं दिसतात, दुसऱ्याला चार.

यातला एकही बिघाड नाही. या सगळ्याच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी आहेत. तुमचं अकाउंट एका ठराविक सर्व्हरवर राहतं, आणि बाकीच्या सर्व्हरवर तुमच्या पोस्टच्या प्रती जातात. पत्ता एक, प्रती अनेक. हे एकदा डोक्यात बसलं की वरच्या प्रत्येक कोड्याचं उत्तर स्वतःचं स्वतःला काढता येतं. म्हणून इथे बटणांच्या आधी हे दोन शब्द घेतले आहेत.

पत्ता

पुण्यात ‘कुलकर्णींकडे जायचंय’ एवढंच सांगून चालत नाही. नारायण पेठेतले कुलकर्णी की कोथरूडचे? मॅस्टोडॉनवरचं नाव तसंच दोन भागांचं असतं. समजा दोन सर्व्हर आहेत, एकाचं नाव ‘मुठाकाठ’ आणि दुसऱ्याचं ‘टेकडी’. (दोन्ही नावं फक्त या लेखापुरती.) मुठाकाठवर मंजिरी नावाने अकाउंट उघडलं तर पूर्ण पत्ता होतो @मंजिरी@मुठाकाठ. टेकडीवर दुसरी कुणी मंजिरी असू शकते, तिचा पत्ता @मंजिरी@टेकडी. नाव तेच, माणसं दोन. प्रत्यक्षात पत्ता रोमन लिपीतच टाइप करावा लागतो, कारण मॅस्टोडॉनवर वापरकर्त्याच्या नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा चालतात. वर ठळक दिसणारं नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवता येतं, आणि ठेवावंच.

ईमेलची सवय असलेल्यांना हे लगेच पटतं. जीमेलवरून याहूवर मेल जातो, त्यासाठी दोघांचं खातं एकाच कंपनीत असावं लागत नाही. सर्व्हरची तुलना मात्र गृहनिर्माण सोसायटीशी जास्त जुळते. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे, कमिटी वेगळी, मेंटेनन्सचा हिशेब वेगळा. कुठे कुत्रा पाळायला हरकत नसते, कुठे रात्री दहानंतर पाहुण्यांची नोंद लागते. पण सोसायटी कुठलीही असली तरी कुरिअर येतं, टपाल येतं आणि बाहेरचा रस्ता सगळ्यांचा असतो. सर्व्हर चालवणारी माणसं ही कमिटी. ती नियम ठरवतात, तक्रारी पाहतात, खर्च उचलतात किंवा वर्गणी मागतात.

या सर्व्हरना एकमेकांशी बोलायला जी ठरलेली भाषा लागते तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी तिला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. मॅस्टोडॉन त्याआधीचं, २०१६ सालचं, जर्मनीतल्या ऑयगन रॉख्को यांनी सुरू केलेलं. ही भाषा मॅस्टोडॉनची एकट्याची नाही. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओसाठी पीअरट्यूब, चर्चेच्या धाग्यांसाठी लेमी हीच भाषा बोलतात. वर्डप्रेसच्या ब्लॉगला प्लगइन लावलं की तोही बोलू लागतो, आणि मेटाचं थ्रेड्स अंशतः बोलतं. म्हणून मॅस्टोडॉनच्या अकाउंटवरून पीअरट्यूबचं चॅनल फॉलो करता येतं. या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

प्रत

आता एक पोस्ट जवळून पाहू. जुलैतली सकाळ आहे. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवलाय, आणि मंजिरी मुठाकाठ सर्व्हरवर लिहिते: ‘भिडे पूल वाहतुकीला बंद केला आहे, डेक्कनला जाणाऱ्यांनी लकडी पुलावरून जा.’ तिने बटण दाबल्यावर काय होतं?

मुठाकाठ सर्व्हर ती पोस्ट आधी स्वतःकडे साठवतो. ही मूळ प्रत. मग तो मंजिरीच्या फॉलोअरची यादी काढतो आणि ते कोणकोणत्या सर्व्हरवर आहेत ते पाहतो. टेकडी सर्व्हरवर तिचे तीन फॉलोअर आहेत, पण टेकडीला तीन वेळा पाठवायची गरज नसते. सामायिक पेटीत एकच प्रत टाकली जाते आणि टेकडी ती आपल्या तिघांना दाखवतो. पाठवताना मुठाकाठची डिजिटल सही सोबत असते, म्हणजे मधल्यामध्ये कुणी मंजिरीच्या नावाने खोटी पोस्ट घुसवू शकत नाही. टेकडी त्या क्षणी बंद असेल तर मुठाकाठ थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत राहतो.

ज्या सर्व्हरवर मंजिरीचा एकही फॉलोअर नाही तिथे ही पोस्ट आपण होऊन जात नाही. कुणी मागितलेली नसताना ती जगभरच्या सगळ्या सर्व्हरवर पाठवली जात नाही.

सुरुवातीची कोडी इथे सुटतात. टेकडीवरच्या सलीलने आज पहिल्यांदा मंजिरीचं प्रोफाइल उघडलं आणि त्याच्या आधी टेकडीवर तिला कुणीही फॉलो केलेलं नव्हतं, तर टेकडीकडे तिच्या जुन्या पोस्टच्या प्रती नसतात. प्रोफाइल रिकामं किंवा अर्धवट दिसतं. ती काही लिहीत नाही असा अर्थ काढून लोक फॉलो न करताच निघून जातात, आणि हे फार मोठं नुकसान आहे. अशा वेळी प्रोफाइलवरच्या ‘मूळ पान उघडा’ या पर्यायावर जावं. तिथे सगळं असतं. फॉलो केल्यापासून पुढच्या पोस्ट मात्र आपल्याच सर्व्हरवर न चुकता येऊ लागतात.

उत्तरांचंही तेच. मंजिरीच्या पोस्टखाली तिसऱ्याच सर्व्हरवरच्या कुणी उत्तर दिलं, तर ते मंजिरीकडे नक्की पोहोचतं, कारण त्यात तिचा उल्लेख असतो. टेकडीवर ते पोहोचेलच असं नाही. मॅस्टोडॉनच्या नव्या आवृत्त्या राहिलेली उत्तरं मागवून घेतात, तरी सर्व्हर जुन्या आवृत्तीवर असेल तर फरक दिसत राहतो. पसंतीच्या आकड्यांचा घोळही यातलाच. पूर्ण धागा वाचायचा असेल तर मूळ सर्व्हरवरची पोस्ट उघडावी.

आणि ती लिंक. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक तुम्हाला मुठाकाठच्या दारात नेऊन सोडते. तुमचं अकाउंट टेकडीवर आहे. मुठाकाठला तुमचा पासवर्ड माहीत नसणारच, शेजारच्या सोसायटीच्या गेटवर आपलं पार्किंगचं स्टिकर चालत नाही तसं. करायचं एवढंच: लिंक कॉपी करायची, आपल्या सर्व्हरवर किंवा आपल्या ॲपमध्ये यायचं, शोधाच्या चौकटीत ती पेस्ट करायची. आपला सर्व्हर मुठाकाठकडे जाऊन त्या पोस्टची एक प्रत घेऊन येतो, आणि मग तिथल्या तिथे उत्तर देता येतं, फॉलो करता येतं. माणसाचा पूर्ण पत्ता पेस्ट केला तरी तसंच होतं. मॅस्टोडॉनवर टिकायचं असेल तर हाताला ही एक सवय लागायलाच हवी. बाकी सगळं सावकाश आलं तरी चालेल.

सर्व्हर निवडताना

भारतात नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचं नाव एकदम चर्चेत आलं. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट निलंबित झाल्यावर अनेकांनी इकडे अकाउंट उघडली. पुढे २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं, आणि मॅस्टोडॉनच्या सांगण्यानुसार महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. त्यातले बरेचजण टिकले नाहीत. सर्व्हरच्या यादीपाशी आणि रिकाम्या टाइमलाइनपाशी माणसं गळतात, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

यादीपाशी अडलेल्यांना आमचा सल्ला स्पष्ट आहे: यावर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. सर्व्हर कुठलाही घेतला तरी बाहेरच्या कुणालाही फॉलो करता येतं, आणि नंतर सामान हलवताही येतं. अधिकृत ॲप मॅस्टोडॉन डॉट सोशल हा सर्वांत मोठा सर्व्हर सुचवतं. तिथे सुरुवात केली तरी बिघडत नाही, फक्त तो फार मोठा आहे आणि तिथली ‘स्थानिक’ टाइमलाइन, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्टची यादी, ही नुसती गर्दी आहे. मध्यम आकाराचा, नीट सांभाळलेला सर्व्हर मिळाला तर उत्तम.

नीट सांभाळलेला कसा ओळखायचा? सर्व्हरच्या ‘माहिती’ पानावर जा. नियम लिहिलेले आहेत का, चालवणाऱ्यांशी संपर्क कसा साधायचा ते दिलंय का, पैसे कुठून येतात ते सांगितलंय का, कोणते सर्व्हर अडवलेत त्याची यादी दिसते का, एवढं पाहा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीत येण्यासाठी सर्व्हरना काही अटी मान्य कराव्या लागतात: रोज बॅकअप, वंशद्वेष आणि लिंगभेदी मजकुरावर प्रत्यक्ष कारवाई, अडीअडचणीला किल्ली असलेली निदान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचं झालं तर किमान तीन महिन्यांची सूचना. नवख्या माणसाने या यादीबाहेर जाऊ नये.

पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांकडेही एकदा बघावं. काही देशांची स्वतःची डोमेन अक्षरं दिसायला आकर्षक असतात म्हणून लोक ती घेतात, पण त्यांच्यावर ताबा त्या देशाच्या यंत्रणेचा असतो. अफगाणिस्तानच्या ‘डॉट एएफ’वर चालणारा क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये डोमेन (इंटरनेटवरचं नाव) काढून घेतल्यामुळे बंद पडला.

काही सर्व्हर ‘तुम्हाला इथे का यायचंय?’ असं विचारतात आणि मंजुरीला वेळ लावतात. तिथे ‘हाय’ लिहून सोडू नका. ‘पुण्यात राहते, पक्षीनिरीक्षण आणि मराठी पुस्तकं यांत रस आहे’ अशी दोन वाक्यं पुरतात. हा प्रश्न बनावट अकाउंट गाळण्यासाठी असतो, परीक्षेसाठी नव्हे.

पहिला दिवस

होम टाइमलाइनवर तुम्ही फॉलो केलेली माणसं आणि हॅशटॅग एवढंच दिसतं, आणि तेही नवीन आधी या क्रमाने. कुठलंही गणित तुमच्या आवडीचा अंदाज बांधून तिथे काही आणून टाकत नाही. त्यामुळे दोघांना फॉलो करून थांबलात तर टाइमलाइन ओसाड दिसणारच. पहिल्याच दिवशी पंचवीस-तीस अकाउंट आणि पाच-सहा हॅशटॅग फॉलो करा. नको असलेले नंतर काढता येतात.

लोकांना फॉलो करण्याआधी प्रोफाइल भरा. फोटो, दोन ओळींची ओळख, आणि एक तरी पोस्ट. कोरं प्रोफाइल बघून लोक बनावट समजतात आणि परत फॉलो करत नाहीत. पहिली पोस्ट ओळखीची असावी आणि तिच्याखाली हॅशटॅग असावेत. ती पोस्ट प्रोफाइलवर वर पिन करून ठेवता येते. सेटिंगमध्ये ‘इतरांना सापडू द्या’ आणि ‘सार्वजनिक पोस्ट शोधात येऊ द्या’ अशा अर्थाचे दोन पर्याय असतात, ते तपासा. शोधात यायचं की नाही हे मॅस्टोडॉन तुमच्यावर सोडतं. न विचारता ते तुम्हाला शोधात टाकत नाही, आणि म्हणूनच ‘मला कुणी सापडतच नाही’ अशी तक्रार येते.

पसंतीचं बटण आणि पुढे पाठवायचं बटण यांतला फरक इथे मोठा आहे. पसंती दिली की ती लेखकाला कळते, पण त्यामुळे पोस्ट तुमच्या फॉलोअरच्या टाइमलाइनवर जात नाही. पोस्ट चार लोकांपर्यंत जावी असं वाटत असेल तर बूस्ट करावं लागतं. भिडे पुलाची पोस्ट दोनशे लोकांनी नुसती आवडून घेतली तर ती होती तिथेच राहते, आणि दहा जणांनी बूस्ट केली तर त्यांचे सगळे फॉलोअर आणि त्या फॉलोअरचे सर्व्हर तिच्या कक्षेत येतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तीन गोष्टी खास सांगायच्या आहेत, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत.

पहिली, पोस्टची भाषा. लिहायच्या चौकटीपाशी भाषेचं छोटं बटण असतं. ते ‘इंग्रजी’वर राहिलं आणि तुम्ही मराठीत लिहिलं, तर फक्त मराठी पोस्ट पाहायचं सेटिंग केलेल्या माणसाला सार्वजनिक टाइमलाइनवर तुमची पोस्ट दिसत नाही. पसंतीक्रमात जाऊन नेहमीची भाषा मराठी करून टाका.

दुसरी, हॅशटॅगचं रूप. मराठीत शब्द वाक्यात गेला की बदलतो. पुणे, पुण्यात, पुण्याचा, पुणेकर, हे संगणकाच्या लेखी चार वेगळे हॅशटॅग आहेत. म्हणून वाक्याच्या पोटात हॅशटॅग घालू नका, शेवटी मूळ रूपात लिहा: #पुणे #खडकवासला #वेताळटेकडी. #पुणे सोबत रोमन लिपीतलाही एक टाका, दोन्हीकडचे वाचक मिळतील. त्यातही एक बारीक खोच आहे. चऱ्होलीतला ‘ऱ्ह’ वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला अगदी एकच, पण आतले संकेत वेगळे. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तसंच. असे टॅग जुळत नाहीत. नेहमीच्या टॅगसाठी साधे शब्द निवडावेत, किंवा दुसऱ्याने वापरलेला टॅग कॉपी करून घ्यावा. टॅगवर क्लिक केल्यावरही तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्याच पोस्ट दिसतात, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी, अक्षरमर्यादा. मॅस्टोडॉनवर सहसा ५०० अक्षरं मिळतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जात नाहीत, त्यामुळे मराठीला ही जागा पुरेशी होते. लिंक कितीही लांब असो, ती २३ अक्षरंच धरली जाते. फोटोचं वर्णन लिहायला वेगळी चौकट आणि १५०० अक्षरं असतात. हे वर्णन दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरला लागतं, आणि मॅस्टोडॉनवर ते न लिहिता फोटो टाकणं लोकांना खटकतं. भिडे पुलाचा फोटो टाकलात तर ‘पाणी पुलाच्या वरून वाहतंय, दोन्ही बाजूंना बॅरिकेड लावलेत’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. मराठीत लिहा, कुणाचं काही अडत नाही.

कुणाला काय दिसतं

प्रत्येक पोस्टला चार पातळ्या असतात: सगळ्यांना खुली, गुपचूप खुली, फक्त फॉलोअरना, आणि फक्त उल्लेख केलेल्यांना. दुसरी पातळी नवख्यांना कळत नाही. ती पोस्ट कुणालाही वाचता येते, पण हॅशटॅगच्या पानावर, शोधात किंवा सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाही. लांब धागा लिहिताना पहिली पोस्ट खुली आणि पुढच्या गुपचूप खुल्या ठेवल्या तर इतरांच्या टाइमलाइनवर पसारा होत नाही.

‘फक्त फॉलोअरना’ हे सेटिंग ऐकायला सुरक्षित वाटतं. पण तुमचं अकाउंट नवे फॉलोअर आपोआप स्वीकारत असेल तर कुणीही येऊन फॉलो करू शकतं आणि वाचू शकतं. ती पातळी वापरायची असेल तर मंजुरी हाताने देण्याचं सेटिंग आधी चालू करा.

चौथी पातळी म्हणजे खाजगी निरोप, असं सगळे धरून चालतात. इथे दोन धोके आहेत. हे निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या ते वाचता येऊ शकतात. बँकेचे तपशील, आजारपणाचे कागद, कुणाचा पत्ता असलं काही तिथे लिहू नये, त्यासाठी सिग्नल हे निरोपांचं ॲप वापरावं. दुसरा धोका रोजचा आहे. समजा तुम्ही मैत्रिणीला खाजगी निरोपात सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल तक्रार लिहिताय आणि ओघात त्यांचा @ असलेला पत्ता टाकला. तो निरोप सेक्रेटरींनाही जातो. कारण या पातळीचा अर्थच ‘ज्यांचा उल्लेख आहे त्यांना’ असा आहे. तिसऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर @ शिवाय घ्या.

डिलीट करण्याबद्दलही प्रतींचा विचार करा. तुम्ही पोस्ट काढली की तुमचा सर्व्हर बाकीच्यांना ‘ही काढा’ असं कळवतो, आणि नीट चालणारे सर्व्हर ऐकतात. जो बंद होता किंवा ऐकायला तयार नाही त्याच्याकडची प्रत राहू शकते. दुरुस्ती करायची असेल तर काढून पुन्हा टाकण्यापेक्षा तीच पोस्ट संपादित करणं चांगलं. बदल प्रतींपर्यंत पोहोचतो आणि उत्तरंही जागेवर राहतात.

त्रास देणारं अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवरचं असेल तर तक्रार आधी तुमच्या सर्व्हरच्या चालकांकडे जाते. फॉर्ममध्ये ‘त्यांच्या सर्व्हरलाही कळवा’ असा पर्याय असतो, गरज असेल तर तो निवडा. एखादा सर्व्हरच त्रासाचं मूळ असेल तर तुमचे चालक त्याला मर्यादित करू शकतात, म्हणजे त्याच्या पोस्ट फक्त फॉलो करणाऱ्यांनाच दिसतात, किंवा संबंध पूर्ण तोडू शकतात. पूर्ण तोडले की त्या सर्व्हरवरचे तुमचे फॉलोअर आणि तुम्ही फॉलो केलेली माणसं, दोन्ही जातात. ओळखीचं कुणी अचानक गायब झालं तर त्याने ब्लॉक केलं असं समजण्याआधी सर्व्हरच्या ‘माहिती’ पानावरची यादी पाहावी. हल्लीच्या आवृत्त्या अशी सूचना स्वतःहून देतात.

घर बदलताना

सर्व्हर बंद पडू शकतात, मोठ्या संस्थांचेही. मोझिलाने आपला मोझिला डॉट सोशल १७ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला. आधी सूचना दिलेली होती, त्यामुळे ज्यांनी हालचाल केली त्यांचे फॉलोअर टिकले.

स्थलांतराचा क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकला की माणसं अर्ध्यात अडकतात. नव्या सर्व्हरवर अकाउंट उघडा आणि प्रोफाइल भरा. मग जुन्या अकाउंटच्या ‘आयात-निर्यात’ पानावरून तुम्ही फॉलो केलेल्यांची, ब्लॉक आणि म्यूट केलेल्यांची, याद्यांची आणि बुकमार्कची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल उतरवून घ्या आणि नव्या अकाउंटवर चढवा. यानंतर नव्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये ‘दुसऱ्या अकाउंटवरून येत आहे’ या ठिकाणी जुना पूर्ण पत्ता नोंदवा. लोक हीच पायरी विसरतात. ती नसेल तर जुना सर्व्हर स्थलांतर नाकारतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कुणीही आपले फॉलोअर तुमच्या गळ्यात टाकू शकला असता. सर्वांत शेवटी जुन्या अकाउंटवर जाऊन ‘दुसऱ्या अकाउंटवर जात आहे’ इथे नवा पत्ता आणि पासवर्ड द्या.

फॉलोअर आपोआप सरकू लागतात. हे सगळं एका क्षणात होत नाही, आकडा हळूहळू वाढतो. पोस्ट मात्र जुन्या घरीच राहतात, कारण मूळ प्रती त्या सर्व्हरच्या नावावर आहेत. एकदा हललात की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

जुना सर्व्हर सूचना न देता बंद पडला तर यातलं काहीच करता येत नाही, कारण शेवटची पायरी त्याच्याकडूनच व्हावी लागते. म्हणून निदान फॉलो केलेल्यांची सीएसव्ही फाइल महिन्यातून एकदा उतरवून ठेवा. काही किलोबाइटची फाइल असते, पण तीच नव्या ठिकाणी तुमची माणसं परत मिळवून देते.

स्वतःचा सर्व्हर चालवायचा विचार असेल तर एकच गोष्ट इथे सांगतो: डोमेन विचार करून घ्या. मॅस्टोडॉनचा सर्व्हर सुरू झाल्यावर त्याचं डोमेन बदलता येत नाही, कारण जगभरच्या प्रतींवर तोच पत्ता छापलेला असतो.

ब्लूस्काय वेगळं कुठे आहे

ब्लूस्काय हे ट्विटरसारखंच आणखी एक समाजमाध्यम ६ फेब्रुवारी २०२४ पासून आमंत्रणाविना सगळ्यांना खुलं झालं. त्याची भाषा वेगळी, एटी प्रोटोकॉल. तिथे तुमची ओळख सर्व्हरच्या नावाला बांधलेली नसते. प्रत्येकाला एक कायमचा ओळख-संकेत मिळतो, आणि दिसणारं नाव म्हणजे त्यावर लावलेली पाटी. ती पाटी तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचं डोमेनही असू शकते, त्यामुळे एखाद्या संस्थेचं अकाउंट खरं आहे का हे नावावरूनच कळतं. साठवणीचा सर्व्हर बदलला तर पोस्टही सोबत नेता येतात. हे मॅस्टोडॉनपेक्षा चांगलं आहे. दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या पोस्ट गोळा करून टाइमलाइन दाखवण्याचं जड काम आजही मुख्यतः एकच कंपनी करते आणि बहुतेक अकाउंट तिच्याच सर्व्हरवर आहेत. म्हणून नवख्याला ते सोपं जातं, आणि म्हणूनच विकेंद्रितपणाच्या, म्हणजे एकाच कंपनीवर अवलंबून नसण्याच्या, बाबतीत ते अजून मॅस्टोडॉनच्या मागे आहे. तिथे पोस्टला ३०० अक्षरं मिळतात. कुणाला पसंती दिली, कुणाला ब्लॉक केलं, दोन्ही तिथे सार्वजनिक असतं. दोन्हीकडच्यांना एकमेकांचं वाचता यावं म्हणून ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, पण तो तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय तुमच्या पोस्ट पलीकडे नेत नाही.

दुसऱ्याला शिकवताना

आईला, शेजाऱ्याला किंवा वाचनकट्ट्यातल्या काकांना हे दाखवायचं असेल तर ‘विकेंद्रित’, ‘प्रोटोकॉल’, ‘इन्स्टन्स’ (सर्व्हरचंच दुसरं नाव) हे शब्द पहिल्या दिवशी काढू नका. सर्व्हर तुम्हीच निवडून द्या. अकाउंट झालं की त्यांना तुमचा पूर्ण पत्ता शोधात टाकायला लावा आणि तुम्हाला फॉलो करू द्या, तुम्ही त्यांना करा. मग त्यांना एक ओळ लिहायला सांगा आणि ती तुमच्या फोनवर, दुसऱ्या सर्व्हरवर उमटलेली दाखवा. प्रत म्हणजे काय हे त्या क्षणी कळतं, वेगळं समजवावं लागत नाही. त्यानंतर व्हॉट्सॲपवर त्यांना एक लिंक पाठवा आणि कॉपी करून आपल्या शोधात पेस्ट करायचं काम त्यांच्याच हाताने दोनदा करून घ्या.

उठण्याआधी त्यांना एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करायला लावा. ॲप पासवर्डच्या आधी सर्व्हरचं नाव विचारतं, आणि महिन्याभराने फोन बदलला की नेमकं तेच आठवत नाही. पूर्ण पत्ता डायरीत लिहून द्या. डायरी हरवली तर ईमेलमध्ये अकाउंट उघडतानाचा पुष्टीचा मेल शोधायला सांगा, सर्व्हरचं नाव त्यात असतं.